विंडोज ७ वरून डेबियनवर प्रिंट सर्व्हर हलवला, आता एकही प्रिंटर धड चालत नाही (देवगड)

पेटीवाला | ११ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

आमचं देवगडला आंब्याचं पॅकिंग आणि थोडं कॅनिंग आहे. ऑफिसातले कॉम्प्युटर मी बघतो, म्हणजे माझं खरं काम हिशेबाचं पण ज्याला एकदा माऊस बदलता आला त्याच्या गळ्यात सगळंच पडतं तसं झालंय. दहाएक वर्षं कोपऱ्यात एक विंडोज ७ चं मशिन प्रिंट सर्व्हर म्हणून, म्हणजे सगळ्या पीसींच्या प्रिंट घेऊन प्रिंटरना द्यायला, चालू होतं. कोणी कसं बसवलं, काय सेटिंग केलं, कुठे लिहिलेलं नाही, बसवणारा केव्हाच पुण्याला गेला. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला हे माहीत होतं पण चालतंय तर हात कशाला लावा. गेल्या महिन्यात हार्डडिस्क कटकट वाजायला लागली तेव्हा ठरवलं की सीझनच्या आधी हलवूया, मार्चमध्ये गाड्या भरायला लागल्या की चहा प्यायला वेळ मिळत नाही.

नवीन मशिन म्हणजे घरातलाच जुना आय३, त्यावर डेबियन १२ (लिनक्स), कप्स (लिनक्सवर प्रिंटच्या रांगा सांभाळणारा प्रोग्राम) आणि सांबा (लिनक्सवरचे प्रिंटर विंडोजला शेअर करून देणारा) टाकला. जुन्या मशिनचं जे नाव होतं तेच सगळ्या पीसींच्या होस्ट फाइलमध्ये (कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर याची यादी) नवीन पत्त्यावर वळवलं, म्हणजे लोकांना काही बदल कळायला नको. प्रिंटर तीन आहेत. एचपी लेझरजेट १०२० यूएसबीवर, लॅन पोर्टवाला एक मोठा लेझर, आणि चलनासाठी टीव्हीएसचा ९ पिनी डॉट मॅट्रिक्स, त्यावर १२ इंची तीन प्रतींचा कागद. पीसी पाच, तीन विंडोज १० आणि दोन विंडोज ११.

आता रडगाणं. दोन्ही विंडोज ११ वरून सांबाचा शेअर केलेला प्रिंटर जोडायला गेलं की ७०९ वाला एरर. १० वाल्यांवर जोडला जातो पण ड्रायव्हर टाकायला ॲडमिनचा पासवर्ड मागतो. मोठ्या लेझरला प्रिंट दिली की पिवळा दिवा लुकलुकत बसतो, कागद बाहेर येत नाही. १०२० काल चालला, आज सकाळपासून कप्स म्हणतो जॉब पूर्ण आणि प्रिंटर ढिम्म. आणि चलनाचं तर बघवत नाही, दर फॉर्मला छपाई एक इंच वर सरकते, चौथ्या चलनाचं शीर्षक तिसऱ्याच्या सहीवर छापून येतं, वजन आणि रक्कम खालच्या ओळीत उतरतात.

मालक म्हणतात जुनंच लाव परत. काय करू?

तारकर्लीकर | ११ फेब्रुवारी, रात्री ९:५८

माका वाटता आदी फायरवॉल बघ. माझ्याकडे तसाच झालला, दोन दिस ड्रायव्हर बदलीत बसलंय आणि मगे समाजला की ६३१ पोर्ट, म्हणजे कप्सचा नेटवर्कवरचा दार, बंदच होतो. कपाळार हात मारून घेतलंय.

चाकरमानी_लालबाग | ११ फेब्रुवारी, रात्री १०:१५

पाच पीसींना प्रिंट सर्व्हर हवाच कशाला? लॅनवाल्या प्रिंटरला प्रत्येक पीसीवरून थेट ९१०० पोर्टवर मारा, मधला माणूस काढून टाका. आमच्या इथे चाळीस जण असेच छापतात.

पेटीवाला | ११ फेब्रुवारी, रात्री १०:३१

@तारकर्लीकर, फायरवॉल लावलेलाच नाही. कप्स आधी फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्याच मशिनचं, ऐकत होता, ते शेअरिंग चालू करून आणि लोकल नेटवर्कला परवानगी देऊन सोडवलं, ६३१ लागतोय.

@चाकरमानी, तीनपैकी दोन यूएसबीवर आहेत हो, त्यांना कुठला ९१००. शिवाय कोण किती पानं मारतो ते मालकांना बघायचं असतं आणि कप्सच्या पेजलॉगमध्ये ते आयतं मिळतं. गेल्या वर्षी कोणीतरी लग्नाच्या ८० पत्रिका ऑफिसच्या टोनरवर काढल्या, तेव्हापासून हे.

सड्यावरचा | ११ फेब्रुवारी, रात्री १०:५०

पेटीवाले, तुम्ही पाच दुखणी एका पेशंटची म्हणून सांगताय, ती एकाची नाहीत बहुतेक. एकेक सुटं करा. पहिल्यांदा विंडोज विसरा. सर्व्हरवर बसून तिन्ही प्रिंटरना कप्सचं टेस्ट पेज द्या. तिथूनच बिघडत असेल तर विंडोज, सांबा, ड्रायव्हरचा पासवर्ड यातलं कशाचंच काही नाही. तिथून नीट आलं तर मग पीसीकडे वळा. आणि कप्सची डीबग लॉगिंग चालू करा, नंतर बंद करायला विसरू नका, मी एकदा विसरलो तर महिन्याभराने लॉगची फाइल उघडता उघडेना.

उद्या करा आणि काय दिसतं ते जसंच्या तसं इथे लिहा. "चालत नाही" यातून आम्हाला काहीच कळत नाही.

वाशिष्ठीकाठ | ११ फेब्रुवारी, रात्री ११:२०

७०९ चं मी सांगतो कारण त्यात माझे केस पांढरे झालेत.

२०२१ च्या जुलैमध्ये प्रिंटनाइटमेअर नावाचं विंडोजच्या स्पूलरमधलं (प्रिंट रांगेला लावणारा भाग) सुरक्षेचं भोक बाहेर आलं. त्यावर मायक्रोसॉफ्टने घाईघाईत पॅच काढले, मग ऑगस्टच्या अपडेटपासून सर्व्हरवरून प्रिंटरचा ड्रायव्हर ओढायला ॲडमिन लागायला लागला, ते तुमच्या १० वाल्यांवर दिसतंय. सप्टेंबरमध्ये स्पूलरशी बोलण्याची सुरक्षा आणखी कडक केली, तेव्हा जिकडेतिकडे ११बी वाला एरर सुटला होता. आणि विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून हे बोलणं नेम्ड पाइप या जुन्या रस्त्याऐवजी थेट टीसीपी या दुसऱ्या रस्त्यावरून करायचा प्रयत्न होतो, सांबा बिचारा जुन्या रस्त्यावर वाट बघत उभा. पॉलिसीत जाऊन नेम्ड पाइप परत चालू करता येतं, रजिस्ट्रीत सुरक्षा ढिली पण करता येते, यूट्यूबवर सगळे तेच शिकवतात. माझं मत विचाराल तर तसं करू नका. भोक बुजवायला लावलेली फळी आपणच काढून परत भोकापाशी झोपण्यासारखं आहे ते.

लेझरसाठी सांबा पूर्ण सोडा, आयपीपीने (इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, कप्सशी थेट बोलायची पद्धत) जोडा. पीसीवर इंटरनेट प्रिंटिंग क्लायंट हे फीचर चालू आहे का बघा, मग प्रिंटर ॲड करताना यादीत नाही म्हणून नावाने जोडायचा पर्याय घ्या आणि पत्ता द्या: एचटीटीपी, सर्व्हर, कोलन ६३१, स्लॅश प्रिंटर्स, स्लॅश रांगेचं नाव. ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टचाच आयपीपी क्लास ड्रायव्हर चालतो. तो नसेल तर यादीतून एमएस पब्लिशर इमेजसेटर निवडा. नाव विचित्र आहे पण तो साधा पोस्टस्क्रिप्ट (पान कसं छापायचं ते सांगणारी भाषा) ड्रायव्हर आहे आणि कप्सला पोस्टस्क्रिप्ट कळतं.

(जुलै २०२१ मध्ये आम्ही चिपळुणात पॅच टाकत होतो आणि २२ तारखेला वाशिष्ठी ऑफिसात आली. सर्व्हर, स्विच, यूपीएस सगळं पाण्याखाली. तेव्हापासून आमचा प्रिंट सर्व्हर पहिल्या मजल्यावर भिंतीला टांगलेला आहे.)

पेटीवाला | १२ फेब्रुवारी, दुपारी १:१०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. सर्व्हरवरून टेस्ट पेज दिली.

मोठा लेझर: सर्व्हरवरून पण तेच, दिवा लुकलुकतो. पण एक गंमत कळली, शिपायाने वैतागून गो चं बटण दाबलं आणि पान सटकन बाहेर आलं! एकदम स्वच्छ. दुसरं दिलं, परत दिवा, परत बटण, परत पान.

१०२०: सर्व्हरवरून पण काही नाही. लॉगमध्ये एरर पण नाही.

डॉट मॅट्रिक्स: टेस्ट पेज येतं पण रांगत रांगत.

आयपीपी: पत्त्यात १९२.१६८ वाला आकडा टाकला तर विंडोज ११ वर लगेच जोडला गेला. पण नाव टाकलं की जोडत नाही, ब्राउझरमध्ये त्याच नावाने उघडलं तर बॅड रिक्वेस्ट. पिंग त्याच नावाला लागतो. हे काय आता?

सड्यावरचा | १२ फेब्रुवारी, दुपारी १:३५

नावाचं सोपं आहे. तुम्ही होस्ट फाइलमध्ये जुन्या मशिनचं नाव नवीनवर वळवलंत, पण डेबियनला स्वतःचं ते नाव माहीतच नाही. कप्स आलेल्या विनंतीत कोणाच्या नावाने हाक मारली ते तपासतो, नाव ओळखीचं नसेल तर दारातूनच परत पाठवतो. एरर लॉगमध्ये इनव्हॅलिड होस्ट फील्ड असं सापडेल बघा. कप्सडीच्या कॉन्फ, म्हणजे सेटिंगच्या, फाइलमध्ये सर्व्हरअलायस (सर्व्हरचं दुसरं नाव) म्हणून जुनं नाव लिहा आणि कप्स रीस्टार्ट करा. बरेच जण तिथे फुली, म्हणजे स्टार टाकून मोकळे होतात, मी नाव लिहितो.

लेझरचा दिवा म्हणजे तो कागद मागतोय. ट्रेमध्ये ए४ आहे आणि जॉब लेटर साइझचा आलाय, गो दाबलं की "बरं बाबा जे आहे त्यावर" म्हणून छापतो. डेबियन टाकताना भाषा कुठली निवडलीत? इंग्लिश अमेरिका ना?

पेटीवाला | १२ फेब्रुवारी, दुपारी १:४२

हो 🙈 पहिलंच होतं म्हणून तेच.

सड्यावरचा | १२ फेब्रुवारी, दुपारी १:५०

मग अमेरिकन कागद आला घरी. इटीसीत (लिनक्सचं सेटिंगचं फोल्डर) पेपरसाइझ नावाची फाइल आहे, तिच्यात लेटर असेल ते ए४ करा. पण आधी बनवलेल्या रांगांना ते आपोआप लागत नाही, एलपीॲडमिन या कमांडने त्या लेझरच्या रांगेचा पेजसाइझ ए४ करा. आणि पीसीवर प्रिंटिंग प्रेफरन्समध्ये पण बघा, क्लास ड्रायव्हर कधी कधी तिथे लेटर धरून बसतो.

वाशिष्ठीकाठ | १२ फेब्रुवारी, दुपारी २:०५

१०२० माझ्यावर सोडा. हा प्रिंटर बंद करून चालू केला की डोकं रिकामं घेऊन उठतो, फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्राम) त्याच्यात कायमचं राहत नाही, दर वेळी कॉम्प्युटरने यूएसबीवरून ढकलायचं असतं. विंडोजचा ड्रायव्हर ते गुपचूप करतो म्हणून आपल्याला पत्ता नसतो. तुमच्याकडे काल चालला आणि आज नाही म्हणजे रात्री कोणीतरी बटण बंद करून गेलं. डेबियनवर एचपीलिप (एचपी प्रिंटरचं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर) टाकलं असेल तर त्याचा प्लगइन वेगळा घ्यावा लागतो, एचपी-प्लगइन कमांड आहे, नेट चालू ठेवा. एचपीलिप ज्या व्हर्जनचं त्याच व्हर्जनचा प्लगइन पाहिजे, पुढेमागे अपडेट झालं की हे परत आठवा. प्लगइन बसला की प्रिंटर बंद-चालू करा, एक घरघर ऐकू येईल, म्हणजे गेलं आत.

रिबन_मास्तर | १२ फेब्रुवारी, सायंकाळी ६:३०

डॉट मॅट्रिक्सकडे कोणी बघतच नाही म्हणून मी आलो. निवृत्त माणूस आहे, तीस वर्षं रत्नागिरीत हेच केलं.

पेटीवाले, तीन गोष्टी सांगा. बिलिंग कशात आहे. कप्समध्ये रांग बनवताना ड्रायव्हर कुठला निवडला. आणि छापताना आवाज कसा येतो, पूर्वीसारखा की वेगळा?

पेटीवाला | १२ फेब्रुवारी, रात्री ८:१५

मास्तर नमस्कार. बिलिंग जुन्या फॉक्सप्रोमधलं (जुना डेटाबेस प्रोग्राम) आहे, एलपीटी१ या जुन्या प्रिंटर पोर्टवर छापतं, आणि विंडोजच्या नेट यूज कमांडने एलपीटी१ सर्व्हरच्या शेअरवर वळवलेला आहे. ते पीसी विंडोज १० चं. ड्रायव्हर एपसन ९ पिन सिरीज निवडला, टीव्हीएसचा यादीत नव्हता.

आवाज... तुम्ही म्हणाल्यावर लक्ष दिलं. पूर्वी टरर्र टरर्र करून ओळ संपायची, डोकं दोन्ही दिशांनी जायचं. आता एका ओळीवर दोन-तीनदा फिरतं, बारीक किरकिर, एका चलनाला दीड मिनिट. अक्षरं पण वेगळीच दिसतात, गोलसर. हमाल म्हणतो मशिन म्हातारं झालं.

बाकी अपडेट: लेझर ए४ केल्यावर पहिल्या फटक्यात चालला, सर्व्हरअलायसने नाव पण लागलं. १०२० ची घरघर ऐकली, चालतोय. म्हणून उत्साहात डॉट मॅट्रिक्सची रांग पण ए४ केली तर फॉर्म सरकायचा थांबला! पण रक्कम अजून खालच्या ओळीत आणि वेग तसाच.

रिबन_मास्तर | १२ फेब्रुवारी, रात्री ९:००

सरकायचा थांबला म्हणून खूश होऊ नका, ते दुखणं झाकलं गेलंय.

टरर्र म्हणजे प्रिंटर स्वतःच्या डोक्यातली अक्षरं छापतोय. किरकिर म्हणजे त्याला कोणीतरी चित्र काढायला लावलंय. फॉक्सप्रो साधा टेक्स्ट पाठवतं. सांबा तो कप्सला देतो, कप्स बघतो की हा टेक्स्ट आहे, मग त्याची पानं बनवतो, इंचाला दहा अक्षरं धरून, लांब ओळ असेल तर मोडून खाली टाकतो, मग त्या पानाचे ठिपके करून एपसनच्या फिल्टरमधून प्रिंटरला देतो. म्हणून वजन-रक्कम खाली उतरली. तुमच्या प्रिंटरच्या पॅनलवर कंडेन्स्ड (दाटीने बारीक अक्षरं) लावलेलं असणार, बघा दिवा, पण चित्राला कंडेन्स्ड काय आणि साधं काय. तो फिल्टर पानाची लांबी पण प्रिंटरला स्वतः सांगतो, पूर्ण इंचात. लेटर ११ इंच आणि तुमचा फॉर्म १२, म्हणून दर चलनाला बरोबर एक इंच वर. ए४ ११.६९ इंच, त्याचे पूर्णांकात १२ झाले, म्हणून योगायोगाने जुळलं. उद्या कोणी ६ इंची बिलबुक लावलं की परत बोंब.

औषध एका ओळीचं आहे. सांबाच्या कॉन्फमध्ये त्या शेअरखाली कप्स ऑप्शन्स बरोबर रॉ लिहा. म्हणजे कप्सने कागद न उघडता पाकीट पुढे सरकवायचं. टेस्टपार्मने फाइल तपासा, सांबा रीस्टार्ट करा. रॉ रांग पण बनवता येते पण कप्सवाले ती काढून टाकणार म्हणून धमकी देत असतात, दर वेळी वॉर्निंग येते. शेअरमध्ये लिहिलेलं पुरतं.

आणि एलपीटी१ साठी सांबा राहू द्या. वर वाशिष्ठीकाठ म्हणाले ती ड्रायव्हरची आणि ७०९ ची भानगड इथे आड येत नाही, कारण नेट यूजवाला एलपीटी१ नुसता शेअरवर बाइट लिहितो, ड्रायव्हर मागतच नाही.

वाशिष्ठीकाठ | १२ फेब्रुवारी, रात्री ९:१२

मास्तर 🙏 आवाजावरून निदान! मी लॉग मागितले असते.

मी एक जोडतो. गेस्टने, म्हणजे बिनपासवर्डचं, शेअर उघडं ठेवू नका, सांबात त्या पीसीसाठी एक युजर बनवा, एसएमबीपासवर्डने पासवर्ड द्या आणि नेट यूज त्याच युजरने करा. नवीन विंडोज गेस्टला आत घेत नाही, आज १० वर चालेल आणि ११ वर गेलात की अडकाल. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे जाणारच आहात. आणि शेअरचा पाथ ज्या फोल्डरवर आहे तिथे सगळ्यांना लिहिता येतंय ना ते बघा, नाहीतर ॲक्सेस डिनाइड येईल आणि तुम्ही परत पासवर्डच्या मागे लागाल.

पेटीवाला | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:०५

मास्तर, टरर्र!!!

रॉ टाकलं, स्पूलच्या फोल्डरला परवानगी पण खरंच नव्हती ती दिली, आणि पहिलं चलन निघालं तेव्हा हमाल बाहेरून आत बघायला आला, म्हणाला झालं काय बरं? तिन्ही प्रती स्पष्ट, रक्कम जागेवर, फाडताना भोकांची रेघ बरोबर शीर्षकाच्या वर. कंडेन्स्डचा दिवा होताच, कोणी कधी लावला देव जाणे.

पेटीवाला | १६ फेब्रुवारी, रात्री ८:५०

तीन दिवस छान, आज परत एक. दुपारी लाईट गेली, वीस मिनिटांनी आली. सर्व्हर यूपीएसवर होता, प्रिंटर नव्हते. लाईट आल्यावर मोठ्या लेझरला कितीही प्रिंट द्या, रांगेत जमतात. पीसीवर काही एरर नाही. शेवटी सर्व्हर रीस्टार्ट करून बघितला तरी तसंच.

तारकर्लीकर | १६ फेब्रुवारी, रात्री ९:०५

आता फायरवॉल नाय म्हणून सांगू नको 😄 रांग थांबलेली आसतली. एलपीस्टॅट कमांड मार आणि बघ डिसेबल्ड दाखवता काय.

सड्यावरचा | १६ फेब्रुवारी, रात्री ९:२०

तारकर्लीकर बरोबर. प्रिंटर मेलेला असताना जॉब गेला, कप्सने हात टेकले आणि रांगच थांबवली. ते थांबणं लिहून ठेवलं जातं म्हणून रीस्टार्टनेही जात नाही. कप्सइनेबल कमांड आणि पुढे रांगेचं नाव द्या, की सुटेल. कायमचं म्हणजे त्या रांगेची एरर पॉलिसी स्टॉप-प्रिंटर असेल ती रीट्राय-जॉब करा, एलपीॲडमिनने होतं. आपल्याकडे लाईट जाणं हा नियम धरूनच सेटिंग करायला हवं.

आणि लॅन प्रिंटरचा आयपी राउटर वाटतो का? तर राउटरमध्ये त्याच्या मॅक पत्त्यावर (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) आयपी राखून ठेवा. सगळं एकदम चालू झालं की राउटर पत्ते कसेही वाटतो आणि मग प्रिंटरचे जॉब कोणाच्या तरी मोबाइलला जातात.

चाकरमानी_लालबाग | १६ फेब्रुवारी, रात्री ९:३३

मग प्रिंटर पण यूपीएसवर लावा की, विषय संपला.

रिबन_मास्तर | १६ फेब्रुवारी, रात्री ९:४५

लेझर छोट्या यूपीएसवर कधी लावू नये. आतला फ्यूजर तापताना इतका करंट ओढतो की यूपीएस किंचाळून बंद पडतो आणि बरोबर सर्व्हरला घेऊन जातो. डॉट मॅट्रिक्स लावा हवं तर.

जाता जाता, पावसाळ्याच्या आधी कागदाची रिमं जमिनीवरून उचला. ओला कागद लेझरमध्ये पन्हाळीसारखा वळतो, अडकतो, टोनर बोटाला लागतो आणि लोक परत ड्रायव्हर बदलत बसतात. मी कपाटात एक ४० चा बल्ब लावून ठेवायचो.

पेटीवाला | १७ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

डिसेबल्डच होती. सुटली. पॉलिसी तिन्ही रांगांची बदलली, मग मुद्दाम मेन स्विच पाडून बघितला, आकाउंटच्या ताई ओरडल्या पण लाईट आल्यावर जॉब आपोआप निघाले. आयपी पण राखून ठेवला.

या वेळी सगळं वहीत लिहून काढलंय, वही सर्व्हरच्याच वर ठेवलीय. इटीसीतल्या कप्स फोल्डरची आणि सांबाच्या कॉन्फची कॉपी पेन ड्राइव्हवर घेतली. हापूसची पहिली पेटी निघाली की मास्तरांना पोचवतो, रत्नागिरीत राहून देवगडचा खायला त्यांची हरकत नसेल तर.

रिबन_मास्तर | १७ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

हरकत आहे, पण खाईन.

सड्यावरचा | १७ फेब्रुवारी, सकाळी १०:५२

त्या कॉपीबद्दल एक. प्रिंटर्सच्या कॉन्फ फाइलमध्ये कधी हाताने बदल करायचा झाला किंवा कॉपी परत टाकायची झाली तर आधी कप्स बंद करा. चालू असताना केलंत तर तो स्वतःची आवृत्ती वर लिहून टाकतो.

कुडाळ_बाजारपेठ | १७ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

मस्त धागा. आमच्याकडे पण हलवायचंय, प्रिंटर एकच आहे, कॅननचा एलबीपी २९००. तो पण असाच चालेल ना?

वाशिष्ठीकाठ | १७ फेब्रुवारी, दुपारी १२:२६

अरे देवा. त्याची भाषाच वेगळी आहे, कॅप्ट म्हणतात, आयपीपी क्लास ड्रायव्हर वगैरे काही ऐकत नाही. नवीन धागा काढा, आणि जुनं मशिन तोपर्यंत फॉरमॅट करू नका.